राखीव की शिल्लक?

गणपतीचे दहा दिवस असोत, निवडणूक असो, नाहीतर कुठे पुतळ्यावरून वातावरण तापलेलं असो; तालुक्याच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात लोखंडी पेट्या रांगेनं मांडलेल्या दिसल्या, दोरीवर खाकी पँटी वाळताना दिसल्या, की समजायचं, एसआरपी आली. एका वर्गात शस्त्रं, दारात पहारा. दुसऱ्या वर्गात रात्रपाळी करून आलेली माणसं बाकं जोडून झोपलेली. नळावर बादल्यांची रांग. गावातली पोरं लांबून बघतात आणि मोठी माणसं म्हणतात, 'आता काही होत नाही.' हा विश्वास या दलानं पाऊण शतकात कमावला आहे. तो टिकवण्यासाठी आपण काय करतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

दलाचं नाव राज्य राखीव पोलीस बल. त्यातला 'राखीव' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. राखीव म्हणजे मुद्दाम बाजूला काढून, जपून, वेळेला उपयोगी पडावं म्हणून ठेवलेलं. शेतकरी बियाणं राखतो तसं. घरात दाणा नसला तरी त्या कणगीला हात लावायचा नाही, अशी शिस्त त्यामागे असते. आपण गेली कित्येक वर्षं ही कणगी रोजच्या दळणाला उघडली आहे. माणसं कमी पडली की मागवा एसआरपीची कंपनी. राखीव दलाचं शिल्लक दल झालं आहे, आणि या फरकाकडे दुर्लक्ष करून नवे गट, म्हणजे या दलाच्या नव्या बटालियन, मंजूर करत राहिल्यानं काही साधणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

थोडं मागे जाऊ. हे दल उभं राहिलं १९४८ मध्ये. फाळणीनंतरचा काळ, गांधीहत्येनंतरची जाळपोळ, शेजारी हैदराबाद संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ. पोलीस ठाण्यातला शिपाई लाठी आणि ओळखीपाळखीच्या जोरावर काम करतो. त्याला हे झेपणारं नव्हतं आणि दर वेळी लष्कर बोलावणं परवडणारं नव्हतं. या दोन टोकांच्या मधली जागा भरायला सशस्त्र दल हवं होतं. १९५१ मध्ये मुंबई राज्यानं नेहमीच्या पोलिसांसाठी एक आणि राखीव दलासाठी एक असे दोन वेगळे कायदे केले. पुढे १९६० मध्ये राज्याचे दोन भाग झाले, तरी गुजरातचं राखीव दल त्याच १९५१ च्या कायद्याचं अपत्य राहिलं. इतर राज्यांतही हाच सांगाडा वेगवेगळ्या नावांनी दिसतो: उत्तर प्रदेशात पीएसी, मध्य प्रदेशात विशेष सशस्त्र दल, कर्नाटकात केएसआरपी, राजस्थानात आरएसी. बिहारनं तर आपल्या दलाचं 'मिलिटरी पोलीस' हे नाव २०२१ पर्यंत तसंच चालवलं. पोलीस हा राज्यांचा विषय असल्यानं प्रत्येकाची भरती, गटरचना, बदलीचे नियम निराळे. दुखणं मात्र सगळीकडे एकच आहे.

ते समजायला एका कंपनीचा साधा हिशेब करू. आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे. कंपनीत शंभर माणसं आहेत असं समजा. त्यातली काही पदं रिकामी असतात, ती सोडूनच देऊ. दहाजण रजेवर. दोन-चारजण आजारी, दोघे-तिघे कोर्टाच्या तारखेला, काहीजण प्रशिक्षणाला. गटाच्या मुख्यालयात पहाऱ्याला, कार्यालयात आणि साहेबांच्या दिमतीला काहीजण मागे राहतात. मुक्कामी पोहोचल्यावर शस्त्रांवर चोवीस तास पहारा लागतो, म्हणजे तीन पाळ्या. चालक, वायरलेसवाला, मेसवाले वेगळे. हे सगळं वजा करून मैदानात उतरतात साठ-पासष्टजण. मंत्रालयातल्या कागदावर 'एक कंपनी रवाना' असंच लिहिलेलं असतं. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला शंभर आले असं वाटतं, लोकांना तर दोनशे आले असं वाटतं.

इथपर्यंत ठीक आहे. जगातल्या कुठल्याही सशस्त्र दलात कागदावरचा आणि मैदानातला आकडा सारखा नसतो. खरी गडबड पुढे होते. स्थानिक ठाण्याचा निरीक्षक ते साठजण हाती येताच त्यांची वाटणी करतो. चार या चौकात, चार त्या मशिदीजवळ, चार मंडपाशी, सहा पाण्याच्या टाकीवर. बिचाऱ्याची अडचण मला कळते. त्याच्याकडे ठाण्यातली माणसंच नसतात. पण राखीव दलाची सगळी ताकद एकत्र असण्यात आहे. सेक्शन, त्याहून मोठी प्लाटून, त्याहून मोठी कंपनी ही उतरंड शोभेला ठेवलेली नाही. तीस माणसं एका अधिकाऱ्याच्या शब्दावर एकत्र पुढे जातात, एकत्र थांबतात, आणि म्हणूनच बहुतेक वेळा गोळी न झाडता जमाव मागे हटतो. तीच तीस माणसं चार-चारच्या तुकड्यांत विखुरली, की प्रत्येक तुकडी म्हणजे रायफल घेतलेले चार घाबरलेले इसम. समोर पाचशेंचा जमाव आला तर त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात, पळायचं किंवा गोळी झाडायची.

आणि एकत्र असूनही हुकूम देणाऱ्याचा निर्णय चुकला तर काय होतं, हे महाराष्ट्रानं ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पाहिलं. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानं संतापलेले लोक महामार्गावर आले होते. राखीव दलाच्या एका प्लाटूननं गोळीबार केला आणि १० माणसं गेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं त्या प्लाटूनच्या उपनिरीक्षकाला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. दोष कुणाचा हे न्यायालयानं पाहावं. मला त्या रचनेबद्दल प्रश्न आहे. वस्ती अनोळखी, लोक अनोळखी, हातात युद्धात शोभेल अशी रायफल, आणि निर्णय घेणारा अधिकारी उपनिरीक्षकाच्या हुद्द्याचा. गोळीबाराचा हुकूम देण्याची पाळी येते तिथे कंपनीचा वरिष्ठ अधिकारी आणि त्या वस्तीतली माणसं नावानं ओळखणारा ठाण्याचा अधिकारी, हे दोघंही हजर असायला नकोत का? कागदावरच्या नियमांत अशा पायऱ्या आहेत. पण कंपनी फोडून वाटली की पायऱ्याही फुटतात.

इथे एक पेच आहे, आणि या विषयावर बोलणारे तो सहसा टाळतात. सशस्त्र पोलीस स्थानिक असावेत की बाहेरचे? दोन्ही बाजूंना इतिहासाची साक्ष आहे.

गडचिरोलीत १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी माओवाद्यांशी लढायला सी-६० उभं केलं. साठ जवानांची तुकडी म्हणून नाव सी-६०. त्यात घेतलेली मुलं त्याच जिल्ह्यातली, त्याच जंगलात वाढलेली, माडिया आणि गोंडी बोलणारी. बाहेरच्या जवानाला जे झाड दिसतं तिथे त्यांना पायवाट दिसते. गावात शिरताना दुभाषा लागत नाही. आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये आंध्र प्रदेशात के. एस. व्यास यांनी त्याच कामासाठी ग्रेहाउंड्स हे दल उभं केलं होतं. तिथेही छोट्या तुकड्या, सततचं प्रशिक्षण आणि एक फार शहाणपणाचा नियम: ठरावीक वयापर्यंतच या दलात राहायचं, मग नेहमीच्या पोलिसांत परत. या दोन्ही दलांवर टीका झाली आहे, चकमकींबद्दल गंभीर प्रश्न विचारले गेले आहेत आणि ते विचारले जायलाच हवेत. पण रचना म्हणून पाहिलं तर दोन्हीकडे एक गोष्ट स्पष्ट होती. ही माणसं कशासाठी आहेत हे ठरलेलं होतं, आणि त्या कामाखेरीज इतर कामाला त्यांना जुंपायचं नाही, हेही.

ती शिस्त सुटली की काय होतं? १ मे २०१९. महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. ते एका खासगी गाडीतून निघाले होते. आदल्या रात्री माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, तिकडे लगेच पोहोचायचं होतं. जंगलयुद्धाचं पहिलं सूत्र म्हणजे रस्ता तपासल्याशिवाय वाहनानं जायचं नाही. हे सूत्र त्या जवानांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? घाई होती आणि जे हाताशी होतं त्यात काम भागवायचं होतं. 'भागवणं' हा आपल्या प्रशासनाचा स्थायीभाव आहे. त्याची किंमत शेवटच्या पायरीवरचा माणूस मोजतो.

म्हणजे जंगलात स्थानिक माणूस हवा. शहरातल्या दंगलीत मात्र उलट. तिथे गल्लीतलाच पोलीस उभा केला तर त्याची जात, धर्म, चुलत्याचं दुकान, मेव्हण्याचं मंडळ, सगळं त्याच्यासोबत उभं राहतं. म्हणूनच राखीव दल बाहेरून आणायचं असतं. पण बाहेरचा म्हणजे आपोआप निःपक्ष, हेही खरं नाही. मेरठमधल्या हाशिमपुऱ्यात २२ मे १९८७ रोजी पीएसीच्या जवानांनी मुस्लिम पुरुषांना ट्रकमध्ये भरून नेलं आणि गोळ्या घातल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं १६ जणांना दोषी ठरवलं ते २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनी. बाहेरून आलेल्या तुकडीला उत्तर द्यावं लागणारं गाव नसतं. दुसऱ्या दिवशी ती निघून जाते. निःपक्षपातासाठी जे अंतर ठेवलं, त्याच अंतरामुळे जाबही सुटतो. मला वाटतं याचं उत्तर भरतीत आहे. तुकडीत सगळ्या समाजांची, सगळ्या भागांची माणसं मिसळलेली असली पाहिजेत. गटांची भरती त्या-त्या गटाच्या ठिकाणी होते, त्यामुळे आसपासच्या जिल्ह्यांतले उमेदवार जास्त येतात. कंपन्या बांधताना ते मिसळणं हे समादेशकाचं, म्हणजे गटाच्या प्रमुखाचं काम आहे आणि ते मुद्दाम करायला हवं.

तिसरा प्रकार आहे शहरी कमांडोंचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत हल्ला सुरू झाला. एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हरियाणातल्या मानेसरला. त्यांना आणायचं विमान चंदिगडला. ते मुंबईत उतरून मोहिमेला लागेपर्यंत रात्र सरली होती. तोवर जे काही केलं ते मुंबई पोलिसांनी, जे हाताशी होतं त्याच्यासह. तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. पुढे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं जे दाखवून दिलं त्यातला एक मुद्दा मी विसरू शकत नाही: शहराच्या शीघ्र कृती दलाला सरावासाठी पुरेशी काडतुसंच मिळत नव्हती. पथक होतं, गणवेश होता, नाव होतं. सराव नव्हता.

त्यानंतर बरंच घडलं. २००९ मध्ये एनएसजीची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याला आली. राज्याचं फोर्स वन हे दहशतवादविरोधी कमांडो दल उभं राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यांत, आयुक्तालयांत क्यूआरटी, म्हणजे शीघ्र कृती पथकं आली. या सगळ्याला माझा विरोध नाही. दहा मिनिटांत पोहोचेल असं पथक शहरातच हवं. पण यात एक हिशेब कुणी मांडत नाही. प्रत्येक नवं पथक चांगली माणसं उचलूनच उभं राहतं. तरुण, धावणारे, नेमबाज, निर्व्यसनी, असे निवडून काढले की मागे कोण उरतं? मागे उरलेल्यांकडेच तर रोजचा सशस्त्र बंदोबस्त असतो. साय काढून घ्यायची आणि मग दूध पातळ म्हणून ओरडायचं, असा हा प्रकार. शिवाय प्रत्येक पथकाची निवड, सराव, शस्त्रं निराळी. एखाद्या घटनेत दोन आयुक्तालयांच्या क्यूआरटी एकाच इमारतीत शिरल्या तर एकाच्या हातवाऱ्यांचा अर्थ दुसऱ्याला कळेल ना, याची खात्री कुणी केली आहे? पथकं जागोजागी असोत, पण प्रमाण एकच हवं आणि वर्षातून एकदा सगळ्यांची परीक्षा एकाच मैदानावर व्हायला हवी. नापास होणाऱ्या पथकाचं नाव जाहीर करायची गरज नाही. त्याचं 'क्यूआरटी' हे बिरुद मात्र काढून घ्यावं.

आता माणसांकडे वळतो, कारण रचनेचा प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो. भरतीच्या जाहिरातीत बघा. जिल्हा पोलिसात शिपाई व्हायला पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर चालते, एसआरपीला १६८ लागते. तिकडे १६०० मीटर धावायचं, इकडे ५ किलोमीटर. म्हणजे जास्त उंच, जास्त दमदार मुलगा आपण राखीव दलात घेतो. पुढची वर्षं त्याला काय देतो? महिनोन्महिने घराबाहेर. पोरगं पहिलीत गेलं हे फोनवर कळतं. कुठल्या गुन्ह्याचा तपास नाही, कुठल्या वस्तीशी ओळख नाही, कौशल्य म्हणून हाती लागतं ते उभं राहणं. ठाण्यातल्या शिपायाला निदान गावात मान असतो. याला गावाचं नावही नीट ठाऊक होत नाही तोवर हलायची ऑर्डर येते. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. बंदोबस्तावरच्या राखीव जवानाला तो प्रयोग वर्तमानपत्रात वाचायला मिळाला.

हे साचत गेलं की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात पीएसीनं बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं आणि मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठींना पायउतार व्हावं लागलं. ऑगस्ट १९८२ मध्ये खुद्द मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले आणि लष्कर आलं. फार जुनं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२४ घ्या. तेलंगणात विशेष पोलीस बटालियनच्या जवानांच्या बायका रस्त्यावर आल्या, मग जवानही. मागणी एकच: 'एक पोलीस'. म्हणजे सगळ्यांना सारखी सेवा, सारखी बदली, जन्मभर बटालियनमध्ये कोंडणं नको. सरकारनं ३९ जणांना निलंबित केलं आणि १० जणांना बडतर्फ. शिस्तीच्या दलात निदर्शनं चालत नाहीत, हे मान्य. पण मागणीत काय चूक होती?

केरळमध्ये नवा शिपाई आधी सशस्त्र बटालियनमध्ये काही वर्षं काढतो आणि मग जिल्ह्याच्या पोलिसात येतो. तरुणपणी धावपळ, पुढे ठाणं. महाराष्ट्रातही राखीव दलातून जिल्ह्यात जायची सोय आहे, पण ती जागांवर, वर्षांच्या अटींवर आणि अर्जांच्या रांगेवर अवलंबून. ती सोय हक्क व्हायला हवी. समजा बारा वर्षं राखीव दलात, मग ठाणं. यावर जुने अधिकारी म्हणतील की अशानं दलाचा जीव जाईल. प्लाटूनला प्लाटूनपण येतं ते वर्षानुवर्षं एकत्र राहिल्यानं, आणि अनुभवी हवालदार निघून गेले तर नव्या पोरांना कोण सांभाळणार? या आक्षेपात दम आहे, मी तो झटकत नाही. त्यावर तोड एवढीच दिसते की हवालदार आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी राहण्याचा पर्याय ठेवावा, राहणाऱ्याला वेगळा भत्ता द्यावा, आणि शिपायांना मात्र तारीख ठरवून सोडावं. चाळिशीच्या माणसाला दंगलीत धावायला लावण्यात ना त्याचं भलं, ना जमावाचं. उलट शस्त्राची शिस्त शिकून आलेला माणूस ठाण्यात आला तर ठाण्याचंच भलं आहे.

पण यासाठी माणसं लागतील, असं म्हटलं जाईल. लागतीलच. २०२३ मध्ये मुंबईत शिपायांची टंचाई भरायला राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार कंत्राटी माणसं घ्यायचं ठरलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. मला त्या निर्णयाची दिशाच उलटी वाटते. जिथे लोकांशी, कायद्याशी, अटकेशी संबंध येतो तिथे पूर्णवेळ, प्रशिक्षित पोलीसच हवा. धरणं, वखारी, कार्यालयांची दारं यांवरचा पहारा महामंडळानं घ्यावा आणि तिथे अडकलेले सशस्त्र पोलीस मोकळे करावेत. पुढाऱ्यांचे अंगरक्षकही मोजावेत. नेत्याचं पद गेल्यावर अंगरक्षक किती दिवसांनी परत येतो, हे एकदा माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारावं; उत्तर करमणुकीचं असेल. १९७१ पासून केंद्राच्या मदतीनं भारत राखीव बटालियनही उभ्या राहत आल्या आहेत, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), गोंदिया, कोल्हापूरचे गट त्यातलेच. पण भोक असलेल्या हौदात पाणी ओतून तो भरत नाही.

म्हणून माझी मागणी संख्येची नाही, चक्राची आहे. गटातल्या कंपन्यांचे तीन भाग करावेत. एक बंदोबस्तावर, एक सरावात, एक मुख्यालयात विश्रांती आणि रजेवर. दर दोन महिन्यांनी फेरपालट. सरावातल्या कंपनीला हात लावायचा असेल तर तो अधिकार फक्त पोलीस महासंचालकांना, आणि तोही लेखी कारणासह. कंपनी मागणाऱ्या अधीक्षकानं ती किमान प्लाटूनच्या खाली फोडायची नाही. चौकातला पहारा हे ठाण्याचं काम; राखीव प्लाटून गाडीसह एका जागी, हाकेच्या अंतरावर.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. किती कंपन्या लागतील याचे तक्ते बनतील, राज्याराज्यांकडे मागणीपत्रं जातील, शाळा-मंगल कार्यालयांची यादी होईल. त्या तक्त्यात कंपनीच्या नावापुढे आणखी तीन रकाने घालायला फारसा खर्च येत नाही: प्रत्यक्ष हजर माणसं किती, शेवटचा गोळीबार सराव कोणत्या तारखेला, आणि जवान शेवटचे घरी गेले ती तारीख.